चौथा रकाना

"इथं अंगठा लावा," डॉ. केळुसकर वैतागून म्हणाले. "उपचार ठरवणाऱ्या यंत्राला तुमच्या संमतीने प्रश्न गेल्याशिवाय काही सुरू होत नाही."

आण्णाप्पा मगदूम तीस वर्षं सांगलीत हळदीचे सौदे पुकारत आले होते. आता घशात गाठ होती, आणि ती कापली तर स्वरयंत्रही जाणार होतं. त्यांनी पडद्यावरचा चार रकान्यांचा प्रश्न वाचला. रोगी, शस्त्रक्रिया, तिच्याऐवजी किरणोपचार, आणि चौथ्या रकान्यात काय साधायचं ते: पाच वर्षं जगणं.

"ह्यात माझा आवाज कुठं हाय?"

"जीव वाचवायचाय की आवाज?"

"मला बोलत जगायचंय. तसं लिवा, न्हाईतर अंगठा न्हाई."

डॉक्टरांनी कळफलक बडवत रकाना बदलला. आण्णाप्पांनी अंगठा लावला. लगेच उत्तर आलं: किरणोपचार द्या. त्याने शंभरातले चाळीसच जगतात, पण बोलत; शस्त्रक्रियेने साठ जगतात, पण आवाजाविना.

"वीस माणसं जास्त मरतात. मागाहून माझ्या नावाने ओरडू नका."

"न्हाई ओरडत," आण्णाप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे न बघताच पुढच्या रोग्याला हाक मारली.

बाहेर आण्णाप्पांनी रखवालदाराला एसटी स्टँडची वाट विचारली. वाट त्यांना ठाऊक होती. पण कुणाशी तरी बोलावंसं वाटलं.