अकरावे भोक

इंजिनातून तिसऱ्यांदा तेल गळले, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, आता पुरे. पुन्हा गळली, तर गाडी भंगारात."

"तुझ्या वडिलांची गाडी माझ्या हयातीत भंगारात जाणार नाही," मी सुनावले आणि इंजिनाच्या झाकणाखाली तेल अडवणारे नवे गॅस्केट निवडायला स्वतः गॅरेजात गेले.

मेकॅनिकने तिन्ही जुनी गॅस्केट माझ्यापुढे मांडली. झाकणाला बोल्ट दहा. प्रत्येक गॅस्केटला मात्र भोके अकरा.

"बसवताना दहाच होती, आजी. आईशपथ!"

"शपथा नकोत. तांब्याचे दे."

पाकीट मी फोडले, भोके मी मोजली. दहा. गॅस्केट माझ्यासमोर बसवले, गाडी सुरू केली. तासाभरात खाली तेलाचा थेंब पडला. इंजिन उघडले, तर तांब्याला अकरावे भोक होते.

मेकॅनिक मागे सरकला. "विकून टाका, आजी."

"पाना आण. अकरावा बोल्ट हवा आहे ना त्याला? देते."

त्या भोकाखाली इंजिनाचे लोखंड सपाट, अखंड होते. मी त्यावर बोल्ट टेकवला. तो अलगद आत शिरला. मी पान्याने आवळू लागले, तसा आतून कोणीतरी तोच बोल्ट उलटा फिरवू लागले.

"आजी, सोडा!"

मी दुसरा हातही पान्यावर ठेवला.