साठ गाड्या, एक हॉर्न

“साठ बसगाड्यांना साठ तऱ्हेचे हॉर्न कशाला? एकच बसवा, खर्च निम्म्यावर येईल,” डेपोत आलेले साहेब म्हणाले. निवड झाली केरबा ड्रायव्हरच्या हॉर्नची. खोटं सांगेन तर जीभ झडो, तो ऐकून म्हशी रस्ता सोडून रांगेत उभ्या राहायच्या. त्याचं घर घाटातल्या वळणावर. हॉर्न वाजला की त्याची बायको, आमची वहिनी, तव्यावर भाकरी टाकायची.

मी डेपोतला फिटर. साठावा हॉर्न बसवला, त्याच आठवड्यात केरबा छातीत कळ येऊन गेला.

तेराव्यानंतर वहिनी डेपोत आली. “भावजी, दिवसातनं तीसदा त्यांचाच हॉर्न वाजतोय. दर खेपेला उठून दारात जाते मी. बंद करा की हो.”

स्टोअरात दुसऱ्या तऱ्हेचा हॉर्नच उरला नव्हता. मग मी एकेका ड्रायव्हरला हात जोडले. त्या वळणावर गाड्या नुसता दिवा दाखवून गुपचूप जाऊ लागल्या.

चौथ्या दिवशी वहिनी पुन्हा फाटकात उभी.

“वाजवायला सांगा, भावजी,” ती म्हणाली. “आता ते खरंच गेले.”