अंगी लागलं

आईचं हृदय थकलं, तशी तिची भूकही गेली. माझ्या हातचं अळणी जेवण ती दोन घासांत परत पाठवायची. मग ताईने पाकिटातलं खारट सूप सुरू केलं आणि आठवड्यात आईचं वजन चार किलोंनी वाढलं.

“बघ, अंगी लागलं की नाही?” ताईने मला टोमणा मारला.

“भांडू नका गं,” आई खुशीत म्हणाली. “मला तर चपलाही होईनात.”

डॉक्टरांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खड्डा तसाच राहिला.

“हे मांस नाही,” ते म्हणाले, “मिठाने साठलेलं पाणी आहे.”

औषधांनी हळूहळू ते सगळं पाणी उतरलं.



ताई पांघरूण सारखं करायला वाकली, तर आई कुठे आहे ते तिला चाचपून शोधावं लागलं.