शेपटीवरचा नंबर

"अगं, या नंबरचं विमान युद्धात समुद्रात बुडालं! ते चौकात कसं उभं राहील?" नवरा शिडीवरून खेकसला.

चौकातल्या जुन्या लढाऊ विमानाच्या शेपटीवर रंगाऱ्याने चुकीचा नंबर घातला, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. महापालिकेत खेटे घालून याने नंबर बदलायची परवानगी मिळवली, आणि आज लग्नाच्या वाढदिवसाला मी भर उन्हात रंगाचा डबा धरून उभी! "एका नंबराने कुणाचं काय अडलंय रे?"

तेवढ्यात एका बाईने व्हीलचेअरवरून वडिलांना आणलं. "बाबा पायलट होते. हल्ली सगळं विसरतात," ती म्हणाली.

आजोबांनी शेपटीवरचा नंबर वाचला. "माझं विमान! त्या दिवशी मला ताप होता, म्हणून खांबेटे घेऊन गेला. सगळे म्हणाले, बुडाला." ते हसायला लागले. "आणलं की त्याने परत!"

मी धसकले. चुकीचं ऐकून गप्प बसणं याला जन्मात जमलेलं नाही.

तो खाली उतरला. माझ्या हातातल्या डब्याचं झाकण त्याने घट्ट लावलं.

"हो सर," तो म्हणाला, "सुखरूप आणलं."