रविवारी भरलेली डबी

सिगब्यॉर्नने घाईघाईत सोमवारच्या गोळीबरोबर मंगळवारचीही रक्तदाबाची गोळी गिळली आणि घाबरून दवाखान्यात फोन लावला.

"आज आणखी गोळी नको, झटकन उठू नका, दर अर्ध्या तासाने दाब मोजा. आणि जवळ कुणीतरी असू द्या," नर्स म्हणाली.

जवळ बायको, ओडवेग, होतीच. त्याच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी दर रविवारी तीच भरायची. आत्ता ती विणत बसली होती.

"अगं, मी इथे मरायला टेकलोय आणि तू टाके मोजतेयस!"

"काही होत नाही तुला."

दोन तास झाले, तरी दाब एकशे सत्तरच्या खाली उतरेना. त्याने पुन्हा फोन केला.

"दोन गोळ्या घेऊनही?" नर्स चक्रावली. "अहो, गोळ्या त्याच आहेत ना?"

ओडवेगच्या सुया थांबल्या.

"कधीपासून?" त्याने तिला विचारलं.

"तू पुन्हा बोटीवर कामाला जाणार म्हणालास, तेव्हापासून."

दाब जास्त म्हणून डॉक्टरांनी त्याला समुद्रावर जायचा दाखला तीनदा नाकारला होता. तिन्ही वेळा त्याची समजूत काढायला तिने गरम गरम वॉफल केले होते.