वाकडी करंगळी

दगडावर चित्रं काढून तसबिरी छापणाऱ्या छापखान्यात एक व्हायोलिनवादक मोठ्या हौसेने आपली तसबीर बघायला आली आणि नुकत्याच छापलेल्या ओल्या कागदापुढे थबकली. चेहरा तिचाच होता, पण तारांवरची वाकडी करंगळी तिला शिकवणाऱ्या बाईंची होती. सूर घसरला की हीच करंगळी तिच्या खांद्यात रुतायची. “बाई वारल्या ना, मग त्यांच्याच चित्रातलं तोंड घासून तिथं तुमचं काढलं,” छापखानेवाला कौतुकाने म्हणाला. “कपडे, व्हायोलिन, सगळं आयतं! बायकांचे हात बघतंय कोण?” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “चाळीस वर्षं लोक काय बाईंचं तोंड बघायला येत होते?” तिने तिथलाच घासायचा दगड उचलला, पाण्यात बुडवला आणि छापाच्या दगडावरचं स्वतःचं तोंड खसाखसा घासून टाकलं. “अहो, आता छापू काय?” तो किंचाळला. “हात!” ती म्हणाली. “आणि नाव बाईंचं.”