दाराबाहेरचे बूट

साहेबांचा खून झाल्यापासून टेकडीवरच्या त्या बंगल्यातून कुणाला बाहेर पडायची परवानगी नव्हती. वरच्या मजल्यावरचे पाहुणे एकमेकांकडे संशयाने बघायचे, आणि सगळे मिळून खालच्या नोकरांकडे.

रीत मात्र मोडली नव्हती. पाहुणे झोपण्याआधी बूट दाराबाहेर ठेवत आणि सकाळी तात्या ते पॉलिश करायला खाली नेई.

आज साहेबांच्या खोलीबाहेरही बूट होते. चिखलाने माखलेले. दारावरचं पोलिसांचं सील जसंच्या तसं.

पाहुण्यांपैकीच कुणाचा तरी खोडसाळपणा, तात्याला वाटलं. साहेबांच्या मेहुण्यांवर त्याचा पहिल्यापासून वहीम होता.

"आक्का, हे साहेबांच्या दाराबाहेर होते. इन्स्पेक्टरला सांगू का?" त्याने स्वयंपाकघरात येऊन विचारलं.

"सांग की," स्वयंपाकीण मान वर न करता म्हणाली. "वरच्यांना खुर्ची देऊन विचारतात, तुला उभं करून विचारतील. बूट कुणाच्या हातात सापडले, एवढंच बघतील ते."

तात्या बूट घेऊन खाली बसला. त्याने ब्रशने चिखल झाडला आणि हात जागीच थांबला. नाडीला दुहेरी गाठ होती, टोकं आत खोचलेली. अशी गाठ या घरात तोच मारायचा. काल बागेमागे साहेबांचं दफन होण्याआधी हेच बूट त्यांच्या पायांत चढवून त्याने ती आवळली होती.

गाठ कुणी सोडलेली नव्हती. "हे साहेबांच्या पायांतलेच," तो म्हणाला.

"दुसरा जोड असेल," आक्का म्हणाली. पण ती जवळ आली नाही.

नाडी सैल करायला तात्याने बूट मांडीवर घेतला आणि आत बोटं घातली.

आतलं कातडं कोमट होतं.